विमानतळ नक्की कुणाच्या बापाचा?

सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग शिकलेल्या माणसाने डेन्व्हरचं नाव ऐकलं नाही असं सहसा होत नाही. फसलेल्या प्रोजेक्ट्सचा विषय निघाला की हे उदाहरण येणारच. डेन्व्हरच्या नव्या विमानतळावर बॅगा आपोआप वाहून नेणारी सिस्टिम बसवायची होती, ती काही केल्या चालेना, बॅगा अडकायला आणि फाटायला लागल्या. त्यापायी ऑक्टोबर १९९३ मध्ये उघडायचा विमानतळ उघडला २८ फेब्रुवारी १९९५ ला. सोळा महिने उशीर! यावर आपण सगळ्यांनी पानभर उत्तरं लिहिलीत. रिक्वायरमेंट्स बदलल्या, टेस्टिंगला वेळ दिला नाही, वगैरे वगैरे.

पण त्या केस स्टडीतल्या एका ओळीकडे कुणाचं लक्ष जात नाही. क्लायंट कोण होता? अमेरिकेचं केंद्र सरकार नाही. कोलोरॅडो राज्य नाही. खासगी कंपनी पण नाही. क्लायंट होता डेन्व्हर शहर, म्हणजे आपल्या भाषेत डेन्व्हर महानगरपालिका! विमानतळ शहराचा, कर्जरोखे शहराचे, कॉन्ट्रॅक्ट शहराचं, उशिरापायी रोज साधारण दहा लाख डॉलरचा भुर्दंड शहराच्या विमानतळाला, आणि शिव्या खायला शहराचे महापौर वेलिंग्टन वेब. उद्घाटनानंतर काही महिन्यांतच वेबसाहेबांना मतदारांसमोर उभं राहावं लागलं. (निवडून आले. तो भाग वेगळा.)

आज मला बॅगांबद्दल नाही, या मालकीबद्दल भांडायचंय. विषय बोअर आहे याची कल्पना आहे. पण महिन्यातून दोनदा पहाटे चारला कॅब शोधणाऱ्या जनतेने तरी वाचावा.

आता आपल्या पुण्याकडे बघू. लोहगावची धावपट्टी हवाई दलाची. टर्मिनल भारतीय विमानतळ प्राधिकरणाचं, म्हणजे एएआयचं, मुख्यालय दिल्ली. सुरक्षा सीआयएसएफची, ती केंद्रीय गृहखात्याकडे, पुन्हा दिल्ली. सुरक्षित उड्डाणाचे नियम डीजीसीएचे, दिल्ली. मोठ्या विमानतळांवर प्रवाशांकडून किती फी घ्यायची हे ठरवणारं नियामक प्राधिकरण २००८ च्या कायद्याने आलं, तेही दिल्लीत. आणि पुणे महापालिका? तिच्याकडे गेटबाहेरचा रस्ता, त्यावरचे खड्डे, गटार आणि कचरा. वर्षाला एक कोटीच्या आसपास प्रवासी या शहराच्या रस्त्यांवरून विमानतळावर ये-जा करतात, आणि विमानतळाच्या एकाही निर्णयावर या शहराची सही लागत नाही.

याचा परिणाम काय होतो? एकच उदाहरण देतो. लोहगावच्या नव्या टर्मिनलचं उद्घाटन झालं १० मार्च २०२४ ला. प्रवाशांसाठी ते सुरू झालं १४ जुलै २०२४ ला. मधले चार महिने चकाचक इमारत उभी, आणि शेजारच्या जुन्या टर्मिनलमध्ये लोक एकमेकांच्या पायावर पाय देत उभे. या चार महिन्यांबद्दल पुणेकरांनी कॉलर कुणाची धरायची? नगरसेवकाची? तेव्हा पुण्यात नगरसेवकच नव्हते, मार्च २०२२ पासून प्रशासकाचा कारभार होता. खासदाराची? खासदार विमानतळ सल्लागार समितीचे अध्यक्ष असतात हे खरं, पण नावातच 'सल्लागार' आहे. सल्ला दिला, चहा झाला, मीटिंग संपली.

यातली गंमत पुढे आहे. जून २०२४ मध्ये पुण्याचे खासदार मुरलीधर मोहोळ नागरी विमान वाहतूक खात्याचे राज्यमंत्री झाले आणि पुढच्याच महिन्यात टर्मिनल सुरू झालं. चांगलंच झालं, तक्रार नाही. पण हेच मोहोळ नोव्हेंबर २०१९ ते मार्च २०२२ या काळात पुण्याचे महापौर होते. ऑक्टोबर २०२१ मध्ये धावपट्टीच्या कामासाठी विमानतळ सलग चौदा दिवस बंद राहिला तेव्हा शहराचे पहिले नागरिक तेच. महापौर म्हणून त्यांच्या हातात विमानतळाबाबत कायद्याने काय होतं? शून्य. पत्र लिहिणे, मागणी करणे, निवेदन देणे. म्हणजे जे तुम्ही-आम्हीपण करू शकतो! शहराच्या विमानतळावर शहराचा शब्द चालायचा तर शहराचा माणूस केंद्रात मंत्री व्हावा लागतो. याला सिस्टिम म्हणत नाहीत राव, योगायोग म्हणतात. आणि योगायोगाच्या भरवशावर आपण प्रॉडक्शन सर्व्हर चालवत नाही.

"पण कायदाच तसा आहे ना," असं कुणीतरी म्हणणारच. म्हणून कायदा बघू.

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत केंद्राच्या यादीत २९ क्रमांकाची नोंद आहे: हवाई मार्ग, विमानं, विमानतळांची तरतूद, हवाई वाहतुकीचं आणि विमानतळांचं नियमन, वगैरे. म्हणजे या विषयावर कायदा संसदेने करायचा. ठीक. पण कायदा करणं वेगळं आणि मालक असणं वेगळं. नियमन दिल्लीकडे आहे म्हणून मालकही दिल्लीच असं घटना कुठे म्हणत नाही. शिर्डीचा विमानतळ कुणी बांधला? महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीने, म्हणजे राज्य सरकारच्या कंपनीने, २०१७ मध्ये. नवी मुंबईत २६ टक्के हिस्सा सिडकोचा आणि ७४ टक्के अदानींचा. कोचीनचा विमानतळ १९९९ पासून एका कंपनीचा आहे, तिच्यात केरळ सरकार आहे आणि हजारो अनिवासी भारतीय भागधारक आहेत. म्हणजे दुबईत नोकरी करणारा मल्याळी माणूस भारतातल्या विमानतळाचा हिस्सेदार होऊ शकतो, उद्योगपती होऊ शकतो, राज्याचं महामंडळ होऊ शकतं. फक्त पुणे शहर होत नाही.

१९३७ च्या विमान नियमांत ७९ व्या नियमात परवाना कुणाला मिळू शकतो याची यादीच दिलीये. भारतीय नागरिक, कंपनी किंवा निगमित संस्था, केंद्र आणि राज्य सरकारं व त्यांची महामंडळं, इतकंच काय, सोसायटी कायद्याखाली नोंदलेली संस्थाही. महापालिका ही कायद्याने निगमित संस्थाच असते. तरी कुणी कीस पाडला तर महापालिकेची कंपनी काढा. त्यात नवीन काही नाही. पीएमपीएमएल २००७ पासून कंपनीच आहे, पुणे महापालिकेचे ६० टक्के आणि पिंपरी-चिंचवडचे ४०. म्हणजे दोन महापालिकांनी मिळून वाहतूक कंपनी काढायचा कोड आपल्याकडे लिहून तयार आहे, रीयूज करायचा फक्त!

मग अडलंय कुठे? अडलंय ७४ व्या घटनादुरुस्तीत. १ जून १९९३ ला ती लागू झाली आणि तिने बारावी अनुसूची आणली. शहरांनी करायची अठरा कामं. वाचून बघा एकदा. नगररचना आहे, रस्ते-पूल आहेत, पाणीपुरवठा आहे, दहनभूमी आहे, कत्तलखाने आहेत, पार्किंग आणि बसथांबे आहेत. विमानतळ नाही. बसथांब्यापर्यंत तुमचा अधिकार, त्यापुढे हद्द संपली! त्याहून वाईट म्हणजे कलम २४३-डब्ल्यू. ते म्हणतं की राज्य विधिमंडळ शहरांना असे अधिकार देऊ शकेल. 'देईल' नाही, 'देऊ शकेल'. आपल्या धंद्यात स्पेसिफिकेशनमध्ये 'शकेल' लिहिलं की तो मॉड्यूल कधीच बनत नाही हे आपल्याला पक्कं माहितीये. तसंच झालं.

पण स्थानिक स्वराज्य संस्था हा विषय राज्याच्या यादीतला आहे. शहरांना काय द्यायचं हे मुंबईत ठरतं. म्हणजे कुलूप दिल्लीचं, पण शहराच्या बाजूची किल्ली मुंबईच्या मंत्रालयात आहे, आणि ती कुणी खिशातून बाहेर काढत नाही. कारण उघड आहे. विमानतळ म्हणजे जमीन.

आता पुरंदर. २०१६ पासून हे नाव आपण ऐकतोय. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव ही सात गावं. ग्रामसभांनी विरोधाचे ठराव केले, मे २०२५ मध्ये ड्रोन सर्व्हेच्या वेळी लाठीमारापर्यंत गोष्ट गेली. मला पुण्याला नवा विमानतळ हवाय. मी तुमच्यासारखाच आहे, मला पण थेट सॅन फ्रान्सिस्कोची फ्लाइट हवीये. पण या सगळ्यात निवडून दिलेली स्थानिक संस्था कुठे आहे ते शोधा. विमानतळाच्या कंपनीसाठी वेळोवेळी नावं आली ती सिडको, एमएडीसी, एमआयडीसी, पीएमआरडीए. चार इंग्रजी शॉर्टफॉर्म्स, आणि एकातही तुम्ही मत देऊन बसवलेला कारभारी नाही. ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका, ज्यांच्यासाठी आपण बोटाला शाई लावून घेतो, त्या सगळ्या प्रेक्षकांत. आणि ग्रामसभेचा ठराव म्हणजे कायद्याच्या दृष्टीने नुसता कागद.

याच जागी डेन्व्हरने काय केलं बघा. नव्या विमानतळाला जी जमीन हवी होती ती शेजारच्या ॲडम्स काउंटीत होती. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपला जिल्हा. ती जमीन शहराच्या हद्दीत घ्यायची का, यावर १९८८ मध्ये ॲडम्स काउंटीच्या लोकांनी मतदान केलं. हो म्हणाले. पुढच्या वर्षी डेन्व्हरच्या लोकांनी विमानतळ बांधायचा का यावर मतदान केलं. तेही हो म्हणाले. आणि ॲडम्स काउंटी नुसती हो म्हणाली नाही, तिने करार लिहून घेतला. ठरलेल्या आवाजाची मर्यादा मोडली आणि वेळेत सुधारली नाही तर दर उल्लंघनाला पाच लाख डॉलर! पुढे डेन्व्हरने मर्यादा मोडली तेव्हा काउंटी कोर्टात गेली आणि भरपाईचा निकाल मिळवला. एसएलए आणि पेनल्टी क्लॉज, आपल्या रोजच्या भाषेत. वनपुरीच्या शेतकऱ्याकडे असा एक तरी कागद आहे का? त्याच्याकडे भूसंपादनाची नोटीस आहे.

काही लोकांना वाटतं अमेरिकेत शहरांना वाट्टेल ते करता येतं. अजिबात नाही. हा भाग खरं तर सगळ्यात इंटरेस्टिंग आहे. कॅलिफोर्नियातल्या बरबँक शहराने रात्री अकरा ते सकाळी सात जेट विमानांचं उड्डाण बंद केलं होतं. तिथला विमानतळ तेव्हा शहराचा नव्हता, लॉकहीड कंपनीचा होता. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९७३ मध्ये कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी शहराचा नियम रद्द केला. आकाश केंद्राचं, शहराने त्यात पडू नये. पण विमानतळाचा मालक म्हणून शहर काय करू शकतं, हा प्रश्न कोर्टाने मुद्दाम उघडा ठेवला. त्या फटीतून बरंच काही आत आलं. सॅन होजे, आपल्या सिलिकॉन व्हॅलीची राजधानी, तिथला विमानतळ शहराच्या मालकीचा. तिथे रात्री साडेअकरा ते सकाळी साडेसहा मोठ्या आवाजाच्या विमानांवर बंधन आहे. ओरॅकलचे लॅरी एलिसन यांचं खासगी जेट रात्री उशिरा उतरायचं, तेव्हा शहराने त्यांनाही सोडलं नाही. एलिसन कोर्टात गेले आणि २००१ मध्ये जिंकले, ही गोष्ट वेगळी. पण जगातल्या सगळ्यात श्रीमंतांपैकी एकाला शहराच्या नियमाविरुद्ध वकील लावावा लागला. नुसतं शहर असाल तर तुमचं कुणी ऐकत नाही, मालक असाल तर ऐकावं लागतं. सगळा फरक एवढाच आहे.

आता कमेंट्समध्ये जे येणार आहे त्याची उत्तरं आधीच देऊन ठेवतो.

"ज्यांना पीएमपीएमएलची बस वेळेवर आणता येत नाही ते विमानतळ चालवणार?" हा हशा-टाळ्यांचा मुद्दा आहे, कबूल. पण मालक असणं म्हणजे स्वतः बॅगा उचलणं नव्हे. मुंबईत २००६ पासून विमानतळ खासगी कंपनी चालवते, आणि दर शंभर रुपये महसुलातले ३८ रुपये ७० पैसे एएआयला जातात, करारच तसा आहे. चालवायला ऑपरेटर आणा, टेंडर काढा, पण पलीकडच्या खुर्चीत शहर बसू द्या. इंग्लंडमधल्या मँचेस्टरचं बघा. तिथल्या विमानतळ समूहात ग्रेटर मँचेस्टरच्या दहा नगर परिषदांचा मिळून ६४.५ टक्के हिस्सा आहे. २०१३ मध्ये या समूहाने लंडनचा स्टॅनस्टेड विमानतळ दीड अब्ज पौंडांना विकत घेतला. महापालिकांच्या मालकीच्या समूहाने राजधानीचा विमानतळ विकत घेतला! आपण अजून महापालिकेने फ्लायओव्हर नीट बांधावा एवढीच प्रार्थना करतोय.

"पैसा कुठून आणणार?" पुणे महापालिकेने २०१७ मध्ये मुंबई शेअर बाजारातून २०० कोटींचे कर्जरोखे उभारले होते, पाणी योजनेसाठी. विमानतळाला हा आकडा चिल्लर आहे, मान्य. पण दार उघडलेलं आहे. आणि विमानतळाचं उत्पन्न नळाच्या पाणीपट्टीपेक्षा खात्रीचं असतं.

"म्हणजे नगरसेवक विमानतळाचा पैसा खाणार." याचाही इलाज माहीत असलेला आहे. अमेरिकेत विमानतळाचं उत्पन्न विमानतळावरच खर्च करायचं असा केंद्राचा नियम आहे. त्या पैशातून शहराला शाळाही बांधता येत नाही आणि खड्डेही बुजवता येत नाहीत. मला हा नियम आवडतो. मालकी मागायची ती तिजोरी भरायला नाही, जबाबदारी चिकटवायला. आज भ्रष्टाचार झाला तर कुणाला पाडायचं हेच माहीत नाही. उद्या निदान वॉर्डचा नंबर माहीत असेल.

"देशाच्या सुरक्षेचं काय?" लोहगावची धावपट्टी हवाई दलाची आहे आणि त्यांचीच राहावी, त्यात मी बोटही घालत नाही. एटीसी, डीजीसीए, सीआयएसएफ, सगळं जिथे आहे तिथेच ठेवा. डेन्व्हरच्या टॉवरमध्येही शहराचा नाही, केंद्राचा माणूस बसतो.

"आपला महापौर फीत कापण्यापुरता, खरा अधिकार आयुक्तांकडे, आणि आयुक्त पाठवतं राज्य सरकार." हा मात्र खरा मुद्दा आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. पुण्यात जवळजवळ चार वर्षं निवडणूकच झाली नाही, ती झाली जानेवारी २०२६ मध्ये. शहर एवढा काळ प्रशासकावर चाललं आणि कुणाला फारसं जाणवलं नाही. का जाणवलं नाही? कारण निवडून आलेल्यांच्या हातात मुळात जाणवण्यासारखं काही ठेवलेलंच नव्हतं! अधिकार नाहीत म्हणून चांगली माणसं तिकडे जात नाहीत, आणि चांगली माणसं नाहीत म्हणून अधिकार देत नाहीत. या इनफिनिट लूपला कुठेतरी ब्रेक लावावा लागेल.

आणि सगळ्यात अवघड उदाहरण मीच देतो. शिकागोत तलावाकाठी मेग्ज फील्ड नावाचा छोटा विमानतळ होता. महापौर रिचर्ड डेली यांना तिथे बाग हवी होती. ३० मार्च २००३ च्या मध्यरात्री त्यांनी बुलडोझर पाठवले आणि धावपट्टीवर मोठमोठ्या फुल्या खणून टाकल्या. सोळा विमानं तिथेच अडकली. आधी नोटीस दिली नाही म्हणून शहराला ३३ हजार डॉलर दंड झाला आणि विमानतळ निधीचे दहा लाख डॉलर परत भरावे लागले. म्हणजे शहराच्या हाती विमानतळ दिला की असा दादाही निघू शकतो. मान्य. पण त्यानंतर काय झालं? केंद्राने दंड वाढवून कायदा घट्ट केला. शहरांची मालकी काढून घेतली नाही! बग सापडला तर पॅच लिहितात, युजरचं अकाउंट डिलीट करत नाहीत.

आपल्याकडे विमानतळाबाबत शहरांना आणि गावांना एकच गोष्ट उदार मनाने दिलीये: नाव सुचवायचा हक्क. तोही अर्धाच. पुण्याला तुकाराम महाराजांचं नाव द्यायचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर केला, पुढचा शब्द दिल्लीचा. नवी मुंबईत दि. बा. पाटलांच्या नावासाठी जून २०२१ मध्ये हजारो प्रकल्पग्रस्त सिडकोच्या दारात उतरले. त्यांना मी दोष देणार नाही. जमिनी त्यांच्या गेल्या, आणि ज्या माणसाने त्यांच्या मोबदल्यासाठी आयुष्य घातलं त्याचं नाव तरी लागावं ही मागणी अगदी रास्त आहे. मला राग याचा येतो की आपल्या कायद्याने त्यांच्यासाठी भांडायला नावाची पाटीच तेवढी शिल्लक ठेवली. शेअर नाही, बोर्डावर खुर्ची नाही, आवाजाचा करार नाही.

तर माझं म्हणणं तीन ओळींत. पुरंदरच्या कंपनीत दोन्ही महापालिका आणि पुणे जिल्हा परिषद यांना भाग द्या, आणि संचालक मंडळावर निवडून आलेले प्रतिनिधी बसवा, सल्लागार म्हणून नाही, मतासह. सात गावांशी दंडासकट लेखी करार करा, आणि तो करार होण्याआधी गावांचं मतदान घ्या. आणि राज्याने महापालिका कायद्यात एक साधं कलम घालावं, की शहराच्या सेवेसाठी उभ्या राहणाऱ्या कुठल्याही नव्या नागरी विमानतळात त्या शहराला हिस्सा घेण्याचा पहिला हक्क राहील. यासाठी घटनादुरुस्ती लागत नाही. विधानसभेचं एक अधिवेशन पुरतं.

जानेवारीत निवडून आलेले नगरसेवक आता तुमच्या सोसायटीत हळदीकुंकवाला, गणपतीला, सत्काराला येतीलच. पाणी आणि पार्किंगचं विचारून झालं की एवढं एक विचारा: पुरंदरच्या विमानतळात आपल्या शहराचा हिस्सा किती? ते आधी गोंधळतील. मग म्हणतील, तो विषय आपल्याकडे येत नाही. तेव्हा सोडू नका. 'का येत नाही?' एवढे तीनच शब्द पुढे विचारा.